नेम चुकतो तेव्हा

खेळ म्हटला, की हारजीत आलीच. पण नावाजलेला खेळाडू एकाएकी चुकू लागला, की लोक त्याला नावे ठेवू लागतात. अशा वेळी त्याचे सोबती कसे वागतात, याला फार महत्त्व असते. अमेरिकेतील एका महाविद्यालयीन बास्केटबॉल खेळाडूची आणि त्याच्या संघाची ही खरी हकिकत आहे.

मुलांनो, तुम्ही कबड्डी खेळता. तुमच्या संघात एखादा तरबेज गडी असतोच. तो चढाईला निघाला, की एखाद्याला बाद करूनच परततो. मग एक दिवस असा येतो, की तोच पहिल्या चढाईत पकडला जातो. दुसऱ्या चढाईतही तेच होते. तिसऱ्या वेळी तो निघतो, तेव्हा त्याचे पाय जड झालेले असतात. समोरच्या गड्यांकडे त्याचे लक्ष नसते. 'आता पुन्हा पकडलो गेलो तर?' हा एकच विचार त्याच्या डोक्यात घोळत असतो.

असे का बरे होते? त्याच्या अंगातले बळ कालच्याइतकेच असते. त्याचे कसबही कुठे गेलेले नसते. डळमळलेला असतो तो त्याचा स्वतःवरचा विश्वास. तुम्ही सायकल चालवता ना? पाय कसा फिरवू, हात कसा धरू, याचा तुम्ही विचार करत नाही. सायकल आपोआप चालते. पण 'आता मी पडणार' असे मनात आले, की हात थरथरतो आणि सायकल डगमगू लागते. खेळाडूचेही तसेच होते. नेम चुकला, की भीती वाटते. भीती वाटली, की पुढचाही नेम चुकतो. यालाच खेळाडूचा पडता काळ म्हणतात. तो लहानमोठ्या सगळ्याच खेळाडूंच्या वाट्याला येतो.

आता ज्या खेळाडूची गोष्ट सांगायची आहे, तो बास्केटबॉल खेळतो. म्हणून आधी या खेळाविषयी थोडेसे.

बास्केटबॉल हा खेळ १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी जन्मला. जेम्स नायस्मिथ नावाच्या शिक्षकांनी तो शोधून काढला. हिवाळ्यात बाहेर बर्फ पडे. मुलांना छपराखाली खेळता येईल, असा खेळ त्यांना हवा होता. त्यांनी पीच नावाच्या फळांच्या दोन टोपल्या जमिनीपासून दहा फूट उंचीवर ठोकल्या आणि त्यांत चेंडू टाकायला सांगितले. टोपलीला इंग्रजीत 'बास्केट' म्हणतात, म्हणून खेळाचे नाव बास्केटबॉल. आता टोपलीच्या जागी लोखंडी रिंग आणि खाली जाळी असते. उंची मात्र तीच आहे, दहा फूट. एका संघाचे पाच खेळाडू मैदानात असतात. जवळून चेंडू रिंगेत टाकला, तर दोन गुण मिळतात. ठरावीक रेषेबाहेरून टाकला, तर तीन गुण. खेळाडूला नियमाबाहेर धक्का बसला, तर पंच त्याला 'फ्री थ्रो' देतात. म्हणजे बोर्डापासून पंधरा फुटांवरच्या रेषेवर एकट्याने उभे राहायचे आणि चेंडू टाकायचा. कोणी आडवे येत नाही. अशा प्रत्येक यशस्वी फेकीला एक गुण मिळतो.

आपल्या गोष्टीतल्या खेळाडूचे नाव काइल. त्याचे आडनाव 'गाय' आहे. ते ऐकून तुम्हांला हसू येईल. पण इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ 'गडी' असा होतो. काइल इंडियाना राज्यातला. या राज्यात बास्केटबॉलचे फार वेड. दर वर्षी तिथे शाळेत खेळणाऱ्या मुलांतून राज्यातला सर्वोत्तम खेळाडू निवडतात. २०१६ साली तो मान काइलला मिळाला. त्याच वर्षी तो व्हर्जिनिया विद्यापीठात शिकायला आणि खेळायला गेला. हे विद्यापीठ शार्लट्सव्हिल गावी आहे. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष टॉमस जेफरसन यांनी ते १८१९ साली स्थापले.

काइल फार उंच नव्हता. त्याची उंची सहा फूट दोन इंच. तुम्ही म्हणाल, एवढी उंची काय कमी आहे? पण बास्केटबॉलमध्ये सात फुटी खेळाडूही असतात. काइलचे बळ होते त्याच्या नेमात. तीन गुणांची रेषा त्या वेळी पावणेएकवीस फुटांवर होती. तिच्याबाहेरून तो चेंडू टाकी आणि तो अलगद जाळीत पडे.

या विद्यापीठाच्या संघाचे प्रशिक्षक होते टोनी बेनेट. त्यांचे वडीलही नामांकित प्रशिक्षक होते. टोनी बेनेट स्वतः व्यावसायिक संघातून खेळले होते. ते आपल्या खेळाडूंना पाच गोष्टी शिकवत. नम्रता, तळमळ, एकजूट, सेवाभाव आणि कृतज्ञता. या पाच खांबांवर आपला संघ उभा आहे, असे ते म्हणत.

अमेरिकेत दर वर्षी मार्च महिन्यात महाविद्यालयीन बास्केटबॉलची मोठी स्पर्धा भरते. त्या वेळी देशभरातले ६८ संघ तीत उतरत. संघांचे चार गट असतात. प्रत्येक गटात संघांना पहिला ते सोळावा असे क्रमांक देतात. पहिला म्हणजे सर्वांत बळकट, सोळावा सर्वांत दुबळा. सुरुवातीला पहिल्या क्रमांकाचा संघ सोळाव्याशी खेळतो. आणि एकदा हरला, की संघ स्पर्धेबाहेर.

२०१८ साली व्हर्जिनियाचा संघ जोरात होता. ३१ सामने जिंकले होते, फक्त २ हरले होते. १० मार्च रोजी त्यांनी आपल्या विभागाची स्पर्धा जिंकली. त्या स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू म्हणून काइलची निवड झाली. सगळीकडे त्याचे कौतुक झाले.

त्यानंतर सहाच दिवसांनी, १६ मार्चला, मोठ्या स्पर्धेतला पहिला सामना झाला. व्हर्जिनियाला पहिला क्रमांक होता. समोर सोळाव्या क्रमांकाचा संघ होता, बाल्टिमोरजवळच्या एका विद्यापीठाचा. पुरुषांच्या स्पर्धेत पहिल्या आणि सोळाव्या क्रमांकाच्या संघांत त्याआधी १३५ सामने झाले होते. ते सगळेच्या सगळे पहिल्या क्रमांकाने जिंकले होते. त्यामुळे या सामन्यात काय होणार, हे जणू सर्वांना ठाऊकच होते.

मध्यंतराला दोन्ही संघांचे २१-२१ असे समान गुण होते. मध्यंतरानंतर मात्र बाल्टिमोरच्या खेळाडूंनी झपाटल्यासारखा खेळ केला. व्हर्जिनियाच्या खेळाडूंचे नेम चुकू लागले. चुकले तसे ते गोंधळले आणि आणखी चुकले. त्या दिवशी व्हर्जिनियाने लांबून २२ वेळा चेंडू टाकला. तो जाळीत पडला फक्त ४ वेळा. सामना ७४ विरुद्ध ५४ असा हरला. पहिल्या क्रमांकाचा संघ सोळाव्याकडून हरण्याची पुरुषांच्या स्पर्धेतली ही पहिलीच वेळ होती.

बाल्टिमोरचे खेळाडू आनंदाने नाचत होते. काइल मात्र गुडघ्यांवर हात टेकून, वाकून उभा होता. छायाचित्रकाराने तेवढ्यात छायाचित्र टिपले.

पुढचे दिवस फार कठीण गेले. लोकांनी संघाची टिंगल केली. काही जणांनी तर खेळाडूंना धमक्यांचे निरोप पाठवले. काइल वीस वर्षांचा होता. रस्त्याने जाताना आपल्याला सगळे ओळखतात, हे कालपर्यंत त्याला सुखाचे वाटत असे. आता त्याच ओळखीचे ओझे झाले.

आता आपण या गोष्टीतल्या खऱ्या प्रश्नाकडे येऊ. अशा वेळी जवळच्या माणसांनी काय करावे?

प्रशिक्षक बेनेट यांनी काय केले, ते पाहा. हरल्यानंतर पत्रकारांना तोंड द्यावे लागते. बेनेट पत्रकारांसमोर शांतपणे बसले. पराभवाचे खापर त्यांनी कोणा एका खेळाडूच्या डोक्यावर फोडले नाही. समोरचा संघ आपल्यापेक्षा सरस खेळला, हे त्यांनी मोकळ्या मनाने मान्य केले. आठवड्यापूर्वी आम्ही जिंकलो होतो, आज आमचा दारुण पराभव झाला, आयुष्य हे असेच असते, अशा अर्थाचे ते बोलले. खेळाडू हे ऐकत होते. आपले सर आपल्यावर रागावून तोंड फिरवणार नाहीत, हे त्यांना कळले.

बेनेट यांनी आणखी एक गोष्ट केली. झाले ते विसरून जा, असे त्यांनी सांगितले नाही. उलट, त्याकडे सरळ पाहायला शिकवले. एका कथाकाराच्या भाषणात त्यांना एक विचार सापडला होता. तो ते खेळाडूंना पुन्हा पुन्हा सांगत. संकट म्हणजे एक तिकीट आहे. त्याचा नीट उपयोग केला, तर ते आपल्याला अशा ठिकाणी नेते, जिथे दुसऱ्या कोणत्याही वाटेने पोहोचता आले नसते. असा त्या विचाराचा आशय होता.

आणि काइलने स्वतः काय केले? त्याच्या मनात फार दिवसांपासून एक अस्वस्थता होती. मोठ्या सामन्याआधी त्याची छाती धडधडे, जीव घाबरा होई. हे तो लपवू शकला असता. मोठ्या खेळाडूने घाबरतो म्हणून सांगायचे कसे? पण त्या पराभवानंतर काही आठवड्यांनी त्याने एक पत्र लिहिले आणि ते सर्वांना वाचायला दिले. आपल्याला भीती वाटते, आपल्या डोळ्यांत पाणी आले, हे त्याने त्यात लिहिले. या त्रासासाठी आपण औषधोपचार घेतो, हेही त्याने उघडपणे सांगितले. पाय मुरगळला, तर आपण डॉक्टरांकडे जातो. मग मन दुखावले, तर मदत घेण्यात लाज कसली? काइलचे पत्र वाचून पुष्कळ तरुण मुलांना धीर आला.

त्याने आणखी एक वेगळी गोष्ट केली. गुडघ्यांवर हात टेकून उभ्या असलेल्या स्वतःचे ते छायाचित्र त्याने फाडून टाकले नाही. ते त्याने आपल्या फोनवर लावून ठेवले. फोन हातात घेतला, की तो क्षण त्याला दिसे आणि सरावाची आठवण होई.

वर्ष सरले. २०१९ सालचा मार्च महिना आला. काइल आता चांगला खेळत होता. त्या हंगामात त्याने लांबून टाकलेल्या दर १०० चेंडूंपैकी सुमारे ४२ जाळीत पडत होते. तुम्ही म्हणाल, हे तर निम्म्याहूनही कमी झाले! होय. पण लांबच्या नेमात हा आकडा फार चांगला मानतात. म्हणजे बघा, उत्तम नेमबाजाचेही निम्म्याहून अधिक नेम चुकतातच. ज्याला हे समजते, तो एका चुकीने खचत नाही.

मोठी स्पर्धा सुरू झाली. व्हर्जिनियाला पुन्हा पहिला क्रमांक होता आणि समोर पुन्हा सोळावा संघ. पूर्वार्धात व्हर्जिनिया चक्क १४ गुणांनी मागे पडली. प्रेक्षकांना गेल्या वर्षीची आठवण झाली. खेळाडूंनाही झाली असेल. पण या वेळी ते गोंधळले नाहीत. एकेक गुण भरून काढत त्यांनी सामना ७१ विरुद्ध ५६ असा जिंकला.

संघ पुढे जात होता, पण काइलवर पुन्हा पडता काळ आला. पहिल्या तीन सामन्यांत त्याचे लांबचे नेम बहुतेक चुकले. चेंडू रिंगेवर आपटे आणि बाहेर येई. एक हरला, की सगळे संपते, अशी ही स्पर्धा. अशा वेळी एखाद्या संघाने काय केले असते? 'आज तुझा दिवस नाही, तू चेंडू टाकू नकोस,' असे सांगितले असते. किंवा त्याला बाकावर बसवले असते.

व्हर्जिनियाने तसे केले नाही. काइल मैदानातच राहिला. सोबती त्याच्याकडे चेंडू टाकत राहिले. मुलांनो, ही गोष्ट नीट लक्षात घ्या. चुकणाऱ्या सोबत्याकडे चेंडू टाकणे म्हणजे शब्द न बोलता त्याला सांगणे, की आमचा तुझ्यावर विश्वास आहे. 'घाबरू नकोस' असे दहा वेळा म्हणण्यापेक्षा ही एक कृती मोठी असते. आणि काइलचे नेम चुकत होते, तेव्हा बाकीच्यांनी संघ सावरून धरला. कोणी गुण मिळवले, कोणी समोरच्यांना अडवले. एकाचे ओझे चौघांनी वाटून घेतले.

चौथा सामना पर्ड्यू विद्यापीठाशी होता. पूर्वार्ध संपत आला असताना काइलचा घोटा मुरगळला. तरी तो परत आला. आणि मग त्याचा रुसलेला नेम परतला! लांबून टाकलेले चेंडू एकामागून एक जाळीत पडू लागले. त्या दिवशी त्याने २५ गुण मिळवले. तरीही शेवटच्या क्षणी संघ दोन गुणांनी मागे होता. तेव्हा संघातल्या सर्वांत बुटक्या खेळाडूने, कीही क्लार्कने, दूर गेलेला चेंडू धावत जाऊन पकडला आणि मामादी डिआकिटेकडे फेकला. मामादीने तो रिंगेकडे टाकला. चेंडू हवेत असतानाच वेळ संपली आणि चेंडू जाळीत पडला. ७०-७० अशी बरोबरी झाली. जादा वेळेत व्हर्जिनियाने सामना ८० विरुद्ध ७५ असा जिंकला. काइलने सामना तिथवर आणला होता. तो हातचा जाऊ दिला नाही सोबत्यांनी.

६ एप्रिल २०१९. मिनीॲपोलिस शहरातल्या मोठ्या क्रीडागृहात उपान्त्य सामना होता. समोर ऑबर्न विद्यापीठाचा संघ. सत्तर हजारांहून अधिक प्रेक्षक बसले होते. पाच मिनिटे उरली, तेव्हा व्हर्जिनिया १० गुणांनी पुढे होती. पण बघता बघता ऑबर्नने सलग १४ गुण मिळवले आणि ते पुढे गेले. काही सेकंद उरले असताना काइलने लांबून चेंडू टाकून तीन गुण मिळवले. तरी अखेर ऑबर्न ६२ आणि व्हर्जिनिया ६० असे गुण झाले. उरला होता दीड सेकंद.

दीड सेकंदात काय होणार? एकदा टाळी वाजवेपर्यंत तो संपतो. टाय जेरोमने बाजूच्या रेषेवरून चेंडू कोणाकडे फेकला असेल बरे? काइलकडेच! काइलने कोपऱ्यातून उडी घेऊन चेंडू टाकला. तो जाळीत पडला नाही. ऑबर्नचे खेळाडू आनंदाने उड्या मारू लागले. इतक्यात पंचांची शिट्टी वाजलेली सर्वांच्या लक्षात आली. चेंडू टाकताना काइलला ऑबर्नच्या खेळाडूचा धक्का लागला होता. काइलला तीन फ्री थ्रो मिळाले. घड्याळात उरले होते सेकंदाचे सहा दशांश.

तिन्ही पडले, तर विजय. दोन पडले, तर बरोबरी. त्याहून कमी पडले, तर सारे संपले. एक वर्षापूर्वी ज्याची सगळ्या देशाने टिंगल केली, तो मुलगा आता एकटा त्या रेषेवर उभा राहणार होता.

काइलने बनियन वर ओढून त्यात तोंड लपवले. कोणाशीही बोलू नये, स्वतःपुरते राहावे, असे त्याला त्या वेळी वाटत होते. सोबत्यांनीही त्याला एकटे राहू दिले. त्यांचा आपल्यावर विश्वास आहे, हे त्याला न सांगताच ठाऊक होते. पाहा, कधी जवळ जाऊन बोलणे म्हणजे साथ, तर कधी शांतपणे बाजूला उभे राहणे हीसुद्धा साथच.

पहिला चेंडू. जाळीत! दुसरा चेंडू. जाळीत! ६२-६२. आता तिसऱ्याआधी ऑबर्नच्या प्रशिक्षकांनी खेळ थांबवला. खेळाडूला वाट पाहायला लावली, म्हणजे त्याच्या मनात भीती शिरते, हे त्यांना माहीत होते. खेळाच्या नियमांत हे बसते. काइल परतला, रेषेवर उभा राहिला आणि त्याने चेंडू टाकला. जाळीत! ६३ विरुद्ध ६२. व्हर्जिनियाने सामना जिंकला.

नंतर लोकांनी त्याला विचारले, की त्या वेळी तुला काय वाटत होते? आपण मुळीच घाबरलो नव्हतो, अशी फुशारकी त्याने मारली नाही. आपण फार घाबरलो होतो, असेच त्याने प्रांजळपणे सांगितले. शूर माणसाला भीती वाटत नाही, असे थोडेच आहे? भीती वाटत असूनही तो रेषेवर जाऊन उभा राहतो, एवढेच.

दोन दिवसांनी, ८ एप्रिलला, अंतिम सामना झाला. टेक्सास टेक विद्यापीठाच्या संघावर व्हर्जिनियाने जादा वेळेत ८५ विरुद्ध ७७ असा विजय मिळवला. पुरुषांच्या बास्केटबॉलमधले विद्यापीठाचे हे पहिलेच राष्ट्रीय विजेतेपद होते. डिआंद्रे हंटरने २७ गुण मिळवले, काइलने २४. शेवटच्या फेरीतील सर्वोत्तम खेळाडू म्हणून काइलचा गौरव झाला. फोनवरचे ते जुने छायाचित्र त्याने आता बदलले. त्याचे काम झाले होते.

पुढे काइल व्यावसायिक संघांतून खेळला. परदेशांतही खेळून आला. २०२४ साली तो पुन्हा व्हर्जिनिया विद्यापीठात परतला. या वेळी खेळायला नव्हे, तर नव्या खेळाडूंना मार्गदर्शन करायला. ज्याला एके काळी साथ मिळाली, तोच आता दुसऱ्यांना साथ द्यायला उभा राहिला.

मुलांनो, विजेतेपद सगळ्यांनाच मिळत नाही. व्हर्जिनिया तो सामना हरलीही असती. सेकंदाच्या सहा दशांशाचा काय भरवसा? पण तरीही बेनेट सरांनी आणि सोबत्यांनी जे केले, ते चांगलेच ठरले असते. कारण साथ ही जिंकण्याच्या लालचेने द्यायची नसते.

तुमच्या वर्गात नेहमी पैकीच्या पैकी गुण मिळवणारी एखादी मुलगी असेल. एका चाचणीत तिला कमी गुण पडतील. खो-खोत नेहमी शेवटपर्यंत टिकणारा मुलगा पहिल्याच मिनिटाला बाद होईल. सुरेल गाणाऱ्या मैत्रिणीचा स्वर स्नेहसंमेलनात चुकेल. तेव्हा 'कसा काय चुकलास रे?' असे विचारू नका. ते त्याला तुमच्याआधी कळलेले असते. 'काही झालेच नाही' असे खोटेही सांगू नका. त्याच्या शेजारी बसा. त्याला बोलायचे असेल, तर ऐका. नसेल, तर गप्प राहा. त्याची भीती फार दिवस सरत नसेल, तर घरातल्या मोठ्यांना किंवा गुरुजींना, बाईंना विश्वासात घेऊन सांगा. आणि दुसऱ्या दिवशी खेळ सुरू झाला, की त्याला विसरू नका. चेंडू त्याच्याकडे टाका.

शब्दार्थ

तरबेज – निपुण, पटाईत
कसब – कौशल्य
खापर फोडणे – दोष देणे
दारुण – फार मोठा, भयंकर
सरस – अधिक चांगला
उपान्त्य – शेवटच्या आधीचा
फुशारकी – बढाई
प्रांजळपणे – मनात काही न लपवता, खरेपणाने
कृतज्ञता – उपकाराची जाणीव

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बास्केटबॉल हा खेळ कोणी शोधून काढला?
(आ) प्रशिक्षक बेनेट खेळाडूंना कोणत्या पाच गोष्टी शिकवत?
(इ) काइलने फोनवर कोणते छायाचित्र लावले होते?
(ई) ऑबर्नविरुद्धच्या सामन्यात काइलला किती फ्री थ्रो मिळाले?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) चांगल्या खेळाडूचे नेम एकाएकी का चुकू लागतात?
(आ) २०१८ सालच्या पराभवानंतर प्रशिक्षक बेनेट कसे वागले?
(इ) ऑबर्नच्या प्रशिक्षकांनी तिसऱ्या फेकीआधी खेळ का थांबवला?

प्र. ३. का ते सांगा.
(अ) काइलने आपल्या भीतीविषयी पत्र लिहिले, ते धैर्याचे काम होते.
(आ) नेम चुकत असतानाही सोबती काइलकडे चेंडू टाकत राहिले.

प्र. ४. वाक्यांत उपयोग करा.
खापर फोडणे, नावे ठेवणे, साथ देणे, तोंड देणे.

प्र. ५. विरुद्धार्थी शब्द लिहा.
विजय, दुबळा, विश्वास, कौतुक, पूर्वार्ध.

उपक्रम – तुमच्या शाळेच्या मैदानावर दोरीला टांगलेल्या टोपलीत दहा वेळा चेंडू टाका. किती पडले, किती चुकले, ते लिहून ठेवा. आठवडाभर रोज असे करा. चुकलेल्या मित्राला काय म्हटल्याने त्याचा पुढचा नेम लागला, याची वर्गात चर्चा करा.